विषय: चान्स घ्यायचाय, शुगर आहे: कुठलं अ‍ॅप वापरू?

नमस्कार मंडळी,
मला टाइप 2 डायबिटीस आहे. मेटफॉर्मिन चालू आहे, शिवाय आठवड्याला एक मुंजारोचं इंजेक्शन. गेल्या तपासणीत एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) इथल्या मापात 61 आली, म्हणजे भारतातले 7.7 टक्के. आता आम्ही बाळाचा विचार करतोय, म्हणून फोनवर पाळीचं, कार्ब्ज (कर्बोदकं) मोजायचं आणि लिब्रेचं (दंडावरच्या शुगर सेन्सरचं) अशी अ‍ॅप्स घेऊन ठेवलीत. पुण्याहून आईचं पालुपद चालूच आहे, "आधी गोड बातमी येऊ दे, मग जा डॉक्टरकडे." तुम्ही कुठलं वापरलंत?
– मिल्टन कीन्सहून (इंग्लंड)

---

अगं, अ‍ॅपचं मागाहून बघू. मी लेस्टरला फार्मसीत असते, म्हणून आधी औषधांचं सांगते.

दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी मुंजारो थांबवावं लागतं. पण परस्पर बंद करू नकोस, शुगर वर जाईल. त्याऐवजी काय घ्यायचं ते जीपी (आपले फॅमिली डॉक्टर) किंवा डायबिटीस नर्स ठरवेल. बहुधा इन्सुलिन. मेटफॉर्मिन चालतं. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन किंवा बीपीसाठी रॅमिप्रिलसारखी गोळी असेल तर तीही आधीच बदलून घ्यायची. फॉलिक अ‍ॅसिड डायबिटीसवाल्यांना 5 मिलिग्रॅमचं लागतं, ते चिठ्ठीवरच मिळतं. दुकानातली 400 मायक्रोग्रॅमची गोळी पुरत नाही. डोळ्यांचा पडदा आणि किडनी तपासून घे.

एचबीएवनसी 48 च्या खाली आणायची, म्हणजे आईंच्या, भारतातल्या हिशेबात साडेसहा टक्के. तोवर गर्भनिरोधक सोडू नकोस. गोळी घेत असशील तर मुंजारो सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे कंडोमही वापरायचा, कारण या इंजेक्शनने गोळीचा असर कमी होऊ शकतो.

आणि आईंना सांग, बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. पाळी चुकून, टेस्ट करून, इथल्या जीपीची अपॉइंटमेंट मिळेस्तोवर ते काम उरकलेलं असतं!
– लेस्टरची ताई

---

ताईंना अनुमोदन. मी टाइप 1, पदरात एक लेक. आता अ‍ॅप्सबद्दल.

पाळीचं अ‍ॅप बीज कधी सुटेल ते मागच्या तारखांवरून अंदाजाने सांगतं. पीसीओएस असेल आणि पाळी पुढेमागे होत असेल, तर त्या गुलाबी गोलांवर विसंबू नकोस. गर्भनिरोधक म्हणून तर मुळीच नको.

लिब्रेच्या अ‍ॅपमधला हिरवा पट्टा मुळात 3.9 ते 10 असतो. सध्या तो ठीक आहे. पण दिवस राहिल्यावर तो 3.5 ते 7.8 लागतो, आणि अ‍ॅपला ते आपोआप कळत नाही. पोह्यांनंतर माझा 9.1 आकडा हिरवागार दिसायचा, मी खूश. नर्सने सेटिंग बदलून दिलं आणि तेच पोहे पट्ट्याच्या बाहेर गेले. (7.8 म्हणजे भारतातले 140, माझ्या सासूबाईंना रोज गुणाकार करून सांगावा लागे.)

मी गरोदरपणात कॅमएपीएस एफएक्स वापरलं. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधनातून आलेलं हे अ‍ॅप सेन्सर बघून पंपातलं इन्सुलिन आपणहून कमीजास्त करतं, आणि गरोदरपणासाठी त्याला मान्यता आहे. रात्रीची झोप मिळाली ती त्याच्यामुळे. पण ते इन्सुलिन पंपावर असणाऱ्यांसाठी आहे, सध्या तुला उपयोगाचं नाही.

कार्ब्जच्या अ‍ॅपमध्ये थालीपीठ शोधलंस तर भलतंच काहीतरी येतं. मी भाजणी वजनकाट्यावर तोलून स्वतःची रेसिपी साठवून ठेवली. बाहेरच्या जेवणाचं मात्र अंदाजपंचे!
– ब्रिस्टलहून

---

दोघींचे खूप आभार. आज जीपीला फोन केला. गर्भधारणेआधीचं डायबिटीस क्लिनिक असतं हे मला ठाऊकच नव्हतं, तिकडे पाठवणार आहेत. ताई, तुमचा नळीचा परिच्छेद जसाच्या तसा आईला व्हॉट्सअ‍ॅप केलाय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. ब्रिस्टलच्या वहिनी, भाजणीचं प्रमाण प्लीज पाठवाल का?