मदत हवी आहे: स्टिरिओच्या कनेक्टरमधून पिना न तोडता कशा काढायच्या?

प्रश्न – गुंतावळ
गाडीत नवीन स्टिरिओ बसवलाय. त्याच्या जोडवायरीला आठ-आठ पिनांचे दोन आयएसओ (ठरावीक प्रमाणित मापाचे) कनेक्टर आहेत, ते गाडीच्या कनेक्टरांत सरळ बसले. आवाज ठीक आहे, पण किल्ली बंद केली की घड्याळ आणि सेव्ह केलेली स्टेशनं पुसली जातात. वीजपुरवठ्याच्या कनेक्टरमधल्या ४ (कायमचे १२ व्होल्ट) आणि ७ (किल्लीवर येणारे १२ व्होल्ट) नंबरच्या पिना उलट आल्या असाव्यात. वायरी कापायच्या नाहीत, पिनाच काढून अदलाबदल करायची आहे. मागून ओढून पाहिलं, पण पिन जागची हलत नाही. नेमकं कुठे आणि कशानं दाबायचं?

जुना_फ्यूज
आधी ओढणं थांबवा. पिन निघत नाही, वायर मात्र क्रिंपमधून (पिनेनं वायर आवळून धरलेल्या जागेतून) उपटून येते आणि पिन आतच राहते. मग खरी पंचाईत.

पिनांना हात लावण्याआधी मल्टिमीटर घ्या. काळी प्रोब ८ वर, म्हणजे अर्थिंगच्या (ऋण) पिनेवर. किल्ली बंद असताना गाडीच्या कनेक्टरमध्ये ४ वर १२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, ७ वर फक्त किल्ली फिरवल्यावर. हे उलटं दिसलं तर अंदाज बरोबर. किल्ली बंद असताना दोन्हीकडे शून्य आलं तर गाडीतला फ्यूज तपासा, अदलाबदल करून काही होणार नाही.

आणखी एक: बऱ्याच जोडवायरींत लाल (किल्लीवरच्या) आणि पिवळ्या (कायमच्या १२ व्होल्टच्या) वायरीला मध्येच गोल बुलेट कनेक्टर असतात, ते याच अदलाबदलीसाठी. ते असतील तर पिवळीचं टोक लालमध्ये, लालचं पिवळीत. काम संपलं.

गुंतावळ
मीटरवर उलटंच दिसतंय. बुलेट कनेक्टर नाहीत, वायरी अखंड आहेत.

तारेवरची_कसरत
मग पिना काढा, पण स्टिरिओच्या जोडवायरीतल्या. गाडीची मूळ वायरिंग जशीच्या तशी राहू द्या.

बॅटरीची ऋण तार सोडवा. दोन्ही पिनांचा फोटो काढा आणि वायरींना चिकटपट्टीच्या खुणा करा. नंबर प्लास्टिकवर कोरलेले असतात तेच धरा. समोरून आणि मागून पाहताना क्रम आरशातल्यासारखा उलटतो, घोळ इथेच होतो.

पिनेच्या अंगाला बारीक पत्र्याची जीभ असते, काहींना दोन्ही बाजूंना. ती प्लास्टिकच्या पायरीला अडकते. टॉर्च मारून समोरच्या तोंडातून पाहा, पिन आणि प्लास्टिक यांच्यामध्ये अरुंद फट दिसेल. हत्यार त्या फटीत जातं, पिनेच्या पोटात नाही. जाड स्टेपल सरळ करून तिचं टोक हातोडीनं चपटं करा, झालं हत्यार. दोन जिभा असतील तर अशा दोन पट्ट्या लागतील.

आता खरी युक्ती: वायर मागून आधी आत ढकला. त्यामुळे जिभेवरचा ताण सुटतो. तशीच धरून पट्टी सरकवा, जीभ चेपल्याचं जाणवेल. मग वायर हळूच मागे घ्या. अडली तर जोर लावू नका, पुन्हा आत ढकलून पट्टीची जागा बदला.

जुना_फ्यूज
शिवणाची सुई वापरू नका, कडक असल्यानं मोडून आत अडकते. आणि काही कनेक्टरांना पिनांवर आडवी प्लास्टिकची पट्टी असते, ते दुसरं लॉक. ती आधी उचला, नाहीतर जीभ चेपूनही पिन येणार नाही.

गुंतावळ
दोन्ही निघाल्या! पण अदलाबदल करून घालून पाहिल्या तर बोटानं ढकलली की पिन मागे सरकते.

तारेवरची_कसरत
जीभ चेपलेलीच राहिली आहे. पिन बाहेर काढून ब्लेडच्या टोकानं जीभ किंचित बाहेर उचला, अर्धा मिलिमीटर पुरे. फार वाकवलीत तर तुटेल. मग जीभ पायरीच्या बाजूला ठेवून टक आवाज येईपर्यंत ढकला आणि वायर हलकी ओढून खात्री करा. सैल पिन कनेक्टर जोडताना मागे सरकते, संपर्क कच्चा राहतो आणि पिवळ्या वायरीवर तर ती तापते, कारण स्टिरिओचा मुख्य करंट तिथूनच जातो.

पाचवा_गिअर
एवढ्या खटाटोपापेक्षा लाल-पिवळी एकत्र करून कायमच्या १२ व्होल्टवर टाका की.

जुना_फ्यूज
नको. किल्ली काढली तरी स्टिरिओ बंद होणार नाही, आणि विसरलात तर सकाळी बॅटरी उतरलेली मिळेल.

गुंतावळ
जीभ उचलली, टक आवाज आला. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली, स्टेशनं जागेवर आहेत.