मदत हवी आहे: गॅरेजवाला गाडीच्या इंजिनचं हेड उतरवायचं म्हणतोय, पाचपर्यंत सांगायचंय

घाटवाट:
खंबाटकी चढताना टेंपरेचरचा काटा एकदम लालमध्ये गेला. गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि टो करून भुईंजजवळच्या एका गॅरेजला आणलीय. मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवून फेसिंग (तळ घासून सपाट) करावं लागेल. ३२ हजार, चार दिवस. रेडिएटरमध्ये पाणी भरून, इंजिन चालू करून बुडबुडेही दाखवले. पाचपर्यंत हो-नाही सांगायचंय, नाहीतर तो दुसरं काम धरणार. रेट बरोबर आहे का? लवकर सांगा, इथेच उभा आहे.

पानाबारा:
कुठली गाडी? कुठलं साल, किती किलोमीटर, पेट्रोल की डिझेल? पाणी कुठून गेलं? पंखा फिरत होता का? डिपस्टिक (ऑइल तपासायची पट्टी) बघितली का? हे कळल्याशिवाय रेट कसा सांगणार?

घाटवाट:
वॅगनआर २०१७, पेट्रोल. ८४ हजार झालेत. पंख्याचं लक्षात नाही. ऑइल नेहमीसारखंच दिसतंय. कूलंटच्या बाटलीत तर लेव्हल आहे, मग पाणी गेलंच कसं म्हणायचं?

टॉर्करेंच:
बाटलीतल्या लेव्हलवर जाऊ नका. कुठे गळती असली की गाडी थंड होताना रेडिएटर तिथून हवा ओढतो, बाटलीतलं कूलंट ओढतच नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, हे नेहमी दिसतं. भरताना रेडिएटरमध्ये किती पाणी बसलं ते मेकॅनिकला विचारा. दोन लिटर बसलं असेल तर गाडी पाण्यावाचून तापली, आणि ते पाणी कुठून गेलं हे आधी शोधायला हवं.

बुडबुड्यांचं म्हणाल तर रिकाम्या रेडिएटरमध्ये पाणी ओतून इंजिन चालू केलं की अडकलेली हवा निघतेच. पहिली दहा-पंधरा मिनिटं बुडबुडे येणार, गॅस्केट धडधाकट असलं तरी. त्यावरून हेड उतरवू देऊ नका.

गावठी_इलाज:
एवढं कशाला? थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायला सांगा. दोनशे रुपयांत काम, गाडी पुन्हा तापणार नाही.

पानाबारा:
हा सल्ला कृपया कुणी पाळू नका. थर्मोस्टॅट काढला की इंजिन कामाच्या तापमानाला लवकर पोचत नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गाडी थंड समजून जादा पेट्रोल सोडत राहतो. अ‍ॅव्हरेज पडतं, ऑइल खराब होतं. शिवाय तापलेला थर्मोस्टॅट बायपासची (रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी) वाट बंद करतो अशी काही इंजिनं असतात. त्यांत तो काढला तर निम्मं पाणी रेडिएटरला न जाताच फिरतं आणि घाटात गाडी आणखी तापते. शंका असेल तर उकळत्या पाण्यात टाकून बघा. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. नाही उघडला तर नवा घाला.

गावठी_इलाज:
इकडे निम्म्या टॅक्स्या थर्मोस्टॅटशिवाय पळतात. नसेल पटत तर लीक बंद करायची पावडर टाका.

टॉर्करेंच:
ती पावडर हीटर कोअरच्या (केबिनच्या हीटरचा छोटा रेडिएटर) आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते. एक गळती बुजवायला दुसरं काम काढू नका.

कृष्णाकाठ:
इन्शुरन्सचा विचार करत असाल तर इंजिन तापून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, ते मेकॅनिकल ब्रेकडाउन धरतात. टोइंगचे पैसे रोडसाइड असिस्टन्समधून मिळतात का बघा.

घाटवाट:
इन्शुरन्सचं नाही विचारलं. दोन लिटरपेक्षा जास्त पाणी बसलं म्हणतो. आता करू काय? गेल्या रविवारीच सर्व्हिसिंग केलंय, त्यामुळे पाणी कमी असण्याचा प्रश्नच येत नाही.

पानाबारा:
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं! सर्व्हिसिंगमध्ये कूलंट बदललं का?

घाटवाट:
हो. आणि सीएनजीवर पिकअप कमी होता म्हणून रिड्यूसर काढून साफ करून दिला.

टॉर्करेंच:
म्हणजे सीएनजी किट आहे, आणि तेही बाहेरून बसवलेलं दिसतंय. रिड्यूसरमध्ये गॅसचं प्रेशर उतरताना तो बर्फासारखा गार पडतो, म्हणून हीटरच्या पाइपला टी-जॉइंट मारून इंजिनचं गरम पाणी त्याच्यातून फिरवलेलं असतं. रिड्यूसर काढला म्हणजे ते पाइप निघालेच. क्लिप नीट बसली नाही तर गळती होते, आणि हवा न काढता कूलंट भरलं तर एअरलॉक, म्हणजे हवा अडकून पाणी फिरत नाही. पहिला संशय तिथेच.

गाडी पूर्ण थंड होऊ द्या, किमान तासभर. गरम असताना कॅप उघडली तर वाफ तोंडावर येईल. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका, अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं. मग रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर पंप लावून कॅपवर छापलेल्या आकड्यापर्यंत, म्हणजे ०.९ किंवा १.१ बारपर्यंत, दाब द्या आणि पंधरा मिनिटं थांबा. काटा उतरला तर टॉर्च घेऊन प्रत्येक जॉइंट, टी-जॉइंट आणि वॉटर पंपाखालचं बारीक भोक बघा. बाहेर कुठेच ओल नाही आणि तरी काटा उतरतोय, तर मात्र पाणी आत जातंय. तेव्हा स्पार्क प्लग काढून बघा. एखादाच ओला किंवा धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरला गॅस्केट गेलंय. खात्रीसाठी ब्लॉक टेस्ट करा, म्हणजे रेडिएटरच्या तोंडातली हवा निळ्या द्रावणातून ओढून बघा. निळं द्रावण पिवळं पडलं तर कूलंटमध्ये जळलेला गॅस येतोय.

वाईकर:
सीएनजी निघालाच आहे तर टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) झालीय का? दर तीन वर्षांनी करावी लागते, पाटीवरची तारीख बघा.

निळा_धूर:
टाकीचा इथे काय संबंध? घाटवाट, समजा गॅस्केटच निघालं तरी ३२ हजारांना तोंडी हो म्हणू नका. गॅस्केट किट, हेड बोल्ट, फेसिंग, ऑइल-फिल्टर, कूलंट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. हेड उतरल्यावर सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्या) हेड किती वाकलंय ते तुमच्यासमोर मोजायला सांगा. साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आत असेल तर फेसिंगची गरज नाही. जुने पार्ट परत मागा. आणि काम करायचं नसेल तर तपासणीची मजुरी देऊन पावती घ्या. झालेल्या कामाचे पैसे दिल्याशिवाय गॅरेजवाला गाडी अडवू शकतो, कायदा त्याच्या बाजूने आहे. त्याहून जास्त मागितले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

घाटवाट:
पंप इथे नव्हता, साताऱ्याहून मागवला. दाब धरत नाही, काटा दोन मिनिटांत खाली. रिड्यूसरकडे जाणाऱ्या टी-जॉइंटखाली हात फिरवला तर बोटं हिरवी. क्लिप बसलीय, पण पाइपच्या टोकावर जुन्या क्लिपचा चर पडलाय, थेंब तिथून येतात.

टॉर्करेंच:
नुसती क्लिप आवळू नका. चर पडलेलं टोक कापा, पाइप पुढे सरकवून नवी स्क्रूची क्लिप लावा. मग हवा काढा. गाडीचं तोंड चढाला, हीटर फुल गरमवर, कॅप उघडी. सावकाश भरत राहा, अधूनमधून वरचा पाइप हाताने दाबा. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत आयडलला ठेवा. थंड झाल्यावर पुन्हा भरा.

घाटवाट:
पंखा दोनदा लागला. बुडबुडे बंद झालेत. आता दाब टिकतोय. मेकॅनिकने ९०० घेतले, पावती दिली. निघू का?

निळा_धूर:
त्याआधी प्लग बघून घ्या. एकदा लालमध्ये गेलेली गाडी आहे.

पानाबारा:
प्लग कोरडे असतील तर निघा. आज पेट्रोलवरच चालवा, एसी बंद ठेवा, काटा निम्म्याच्या वर सरकला की लगेच थांबा. उद्या सकाळी थंड इंजिनवर रेडिएटरची कॅप उघडून लेव्हल बघा, बाटली नव्हे. गार इंजिन चालू करून मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा कडक झाला तर इथेच लिहा.

वाईकर:
आणि पाटीवरची तारीख?

घाटवाट:
तिन्ही प्लग कोरडे. निघतोय. टाकीची तारीख मार्चमध्येच संपलीय, घरी पोचलो की करून घेतो.