मदत हवी आहे : ॲक्सेसच्या टेबलात २५५ च्या पुढे फील्ड बसत नाहीत

नमस्कार मंडळी,
तालुक्यातल्या एका संस्थेसाठी घरोघरच्या आरोग्य पाहणीची नोंद ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये करते आहे. छापील फॉर्मवर २९६ प्रश्न, म्हणून मी प्रश्नागणिक एक फील्ड (टेबलातला रकाना) करत गेले आणि २५५ वर गाडी अडली. नको असलेली दहा-बारा फील्ड काढली, तरी 'टू मेनी फील्ड्स डिफाइन्ड' (फील्ड फार झाली) हा एररचा संदेश जाईना. काढलेल्या फील्डची मोजणीही आत तशीच राहते, हे नंतर कळलं. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (फाइल आवळून दुरुस्त करणारी ॲक्सेसची सोय) केल्यावर तेवढी जागा झाली, पण पुरणार कशी?

मग दोन टेबलं केली, दोन्हीत कुटुंब क्रमांक हीच प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारी खूण). १४० कुटुंबं भरून झाली. आता दोन्ही जोडून क्वेरी (टेबलांतून हवी ती माहिती काढणारी आज्ञा) करावी, तर तिलाही २५५ चीच मर्यादा! त्यातच परवा एका घरात सहा मुलं निघाली. मी 'मूल १ गोवर', 'मूल २ गोवर' असे पाचच मुलांचे रकाने केलेत, प्रत्येकी १८. सहाव्या मुलीची लस फॉर्मच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. ती नोंद सुटता कामा नये. भरलेला डेटा न गमावता हे कसं सुधारू?

उत्तर :
ताई, ते मुलांचे ९० रकानेच बाहेर काढा. मुलांचं वेगळं टेबल करा, एका मुलाची एक ओळ. कुटुंब क्रमांक आणि मूल क्रमांक मिळून प्रायमरी की. मग २०६ प्रश्न उरतात, ते एका टेबलात मावतात. सगळेच प्रश्न ओळींत उतरवा, एका उत्तराची एक ओळ, असंही कुणी सुचवेल. मी तसं करणार नाही, कारण तारखा, आकडे, मजकूर एकाच रकान्यात कोंबावे लागतात.
आधी फाइलची प्रत ठेवा. मग पाच अपेंड क्वेरी (असलेल्या टेबलात ओळी भरणाऱ्या), मूल १ ते ५ साठी एकेक, नाव रिकामं असेल ती ओळ वगळून. २०६ प्रश्नांसाठी मेक टेबल क्वेरी (निकालाचं नवं टेबल करणारी) चालवा, मात्र त्यात प्रायमरी की उतरत नाही, ती पुन्हा लावा. शॉर्ट टेक्स्ट (छोट्या मजकुराची) फील्ड फार भरली तर एका रेकॉर्डला ४००० अक्षरांची मर्यादा आड येते. लांब शेरे लाँग टेक्स्ट (मोठ्या मजकुराच्या) फील्डमध्ये घ्या. ॲक्सेसमधल्या कुटुंबाच्या फॉर्मवर मुलांचा सबफॉर्म (फॉर्मच्या आतला छोटा फॉर्म) ठेवा.

ताई :
झालं! सहाव्या मुलीची गोवरची तारीखही भरली. फक्त सबफॉर्ममध्ये टॅब दाबत गेलं की कर्सर पुढच्या रिकाम्या ओळीतच जातो.

उत्तर :
कंट्रोल आणि टॅब एकत्र दाबा, बाहेर पडेल.