मदत हवी आहे: गल्लीतला गतिरोधक रीतसर मंजूर कसा करून घ्यायचा?

नमस्कार मंडळी. आमची गल्ली जेमतेम दोन गाड्या जातील एवढी, पण मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला सगळे इथूनच घुसतात. वळणावर पिठाची गिरणी, तिला लागून बालवाडी. दुपारी पोरं सुटतात नेमकी तेव्हाच डिलिव्हरीवाले सुसाट. परवा समोरच्या आजींना स्कूटरचा धक्का बसला, मनगट मोडलं.

वॉर्ड ऑफिस म्हणतं वाहतूक पोलिसांचं पत्र आणा; पोलीस म्हणतात रस्ता पालिकेचा. काही शेजारी तर रात्रीतून सिमेंट ओतायला निघालेत! मला ते पटत नाही. असल्या उंचवट्यावर कोणी पडलं तर आपल्याच अंगाशी येईल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) मापाचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटीमीटर उंच असतो, शिवाय ४० मीटर आधी सूचनाफलक लागतो.

कुणी असा अर्ज मंजूर करून घेतलाय का? सह्यांचं निवेदन कुणाच्या नावे द्यायचं? माहिती अधिकारात अपघातांच्या नोंदी मागवून जोडल्या तर वजन पडतं का? अर्जाचा नमुना असेल तर कृपया टाका. आणि हो, 'रुग्णवाहिका अडेल' म्हणून सही न करणाऱ्या दोन काकांना काय सांगू?