मदत हवी आहे: सगळ्यांच्या ‘हो’ला किती ‘हो’ म्हणायचं?

आमच्या घरात निर्णय सगळ्यांसमोर होतात, आणि ‘सगळ्यांचं मत’ म्हणजे जो आधी बोलेल त्याचं मत. बारीकसारीक गोष्टींत मीही मान डोलावते. चार माणसांत राहायचं तर तेवढं चालतंच. पण आता प्रश्न माझ्या नोकरी बदलण्याचा आहे आणि तिथेही ‘आपल्यात असं कोणी करत नाही’ एवढंच ऐकायला मिळतंय. नवरा खोलीत म्हणतो, ‘तुझं बरोबर आहे.’ बाहेर आला की मोबाइलमध्ये डोकं.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांबद्दल वाचलं. कोणती रेष किती लांब हे उघड दिसत असूनही, बाकीचे चुकीचं सांगतात म्हणून सुमारे ७५ टक्के लोकांनी निदान एकदा तरी तेच उत्तर दिलं. मात्र एक जण जरी खरं बोलला, तरी ही री ओढणं खूप कमी व्हायचं. वाचून नवऱ्याचाच जास्त राग आला, खरं सांगते.

तर त्याला सगळ्यांसमोर एक वाक्य बोलायला लावायचं कसं? की आधी सासूबाईंशीच बोलून ठेवू? त्या एकट्या असल्या की ऐकून घेतात. ‘वेगळं राहा’ हा सल्ला कृपया नको, ही माणसं मला हवी आहेत.