लीन, नम्र, दीन आणि आज्ञापालन : प्रार्थनेतल्या शब्दांबद्दल शंका

प्रश्न
चर्चमधल्या प्रार्थनेत "आम्ही लीन होऊन तुझ्यापुढे येतो" हे सारखं कानावर येतं, पण रोजच्या बोलण्यात कोणी कुणाला लीन म्हणत नाही, नम्र म्हणतात. फरक आहे का काही? आणि आज्ञापालन म्हटलं की मला आपली एनसीसीची परेडच आठवते, देवाच्या बाबतीत पण तोच अर्थ घ्यायचा का? आमच्या उपासनेच्या पत्रिकेचं मराठी तपासायचं काम गळ्यात पडलंय म्हणून विचारतोय.

उत्तर
काही फरक नाही हो, कोश उघडा, लीन म्हणजे नम्र. उगाच कीस पाडू नका.

उत्तर
दादा, कोशात एक असेल पण वापरात नाही. नम्र हा नम् पासून आलेला, म्हणजे वाकलेला, आणि वाकणं लोकांना दिसतं म्हणून त्याचा देखावाही करता येतो. अर्जाच्या खाली आपण "आपला नम्र" लिहितो आणि वरच्या दोन पानांत साहेबाची बिनपाण्याने केलेली असते! लीन मात्र तल्लीन, विलीन यांच्या घरातला, चिकटलेला, मिसळून गेलेला. तो संतांच्या मराठीत आधीपासून होता, ख्रिस्ती मराठीने तिथूनच उचलला असं मला वाटतं. मत्तय ११:२९ मध्ये येशू स्वतःबद्दल "मनाचा सौम्य व लीन" म्हणतो तिथे नम्र घालून वाचून बघा, अगदी शाळेच्या दाखल्यावरचा शेरा वाटतो, वर्तणूक चांगली टाईप.

आता आज्ञापालन. फिलिप्पै २:८ मध्ये हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञापालन करून त्याने स्वतःला लीन केलं. तिथला मूळ ग्रीक शब्द ऐकणे या क्रियापदावरून बनलाय, आणि हिब्रूत तर ऐकणं आणि आज्ञा मानणं याला एकच शब्द, शमा. आपल्याकडे वेगळं काय आहे सांगा, "कार्टं अजिबात ऐकत नाही" म्हणजे काय ते कानाने बहिरं असतं का? (कोकणातल्या बेने इस्राएल म्हणजे मराठी ज्यू लोकांबद्दल सांगतात की बाकी बरंच विसरलं तरी "हे इस्राएला, ऐक" ही शमाची प्रार्थना त्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळली, तो हाच शब्द.)

परेडशी मात्र जुळत नाही, कारण परेडमध्ये उलट विचारायची सोय नसते. इथे तुला मुलगा होईल असं सांगणाऱ्या देवदूताला मरिया आधी विचारते की हे कसं होईल, आणि मग म्हणते मी प्रभूची दासी. गेथशेमाने बागेत येशू आधी स्पष्ट मागतो की हा प्याला माझ्यावरून टळू दे, आणि मग "तुझ्या इच्छेप्रमाणे". म्हणजे मागणं, कुरकुरणं, रडणं सगळं प्रार्थनेत बसतं आणि तरीही ते आज्ञापालनच राहतं.

शौल राजाचं बघा (१ शमुवेल १५). सगळं नष्ट कर असा हुकूम असताना याने शत्रू अमालेकी लोकांची चांगली चांगली मेंढरं मागे ठेवली आणि वर कारण काय, तर देवाला यज्ञ करायला! शमुवेल संदेष्ट्याने तिथेच सुनावलं, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे. म्हणजे भक्ती भरपूर पण ऐकणं नाही. लूक १८ मधला परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला) याच्या बरोब्बर उलट, आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशमांश, नियमात कुठे बोट ठेवायला जागा नाही, पण प्रार्थनेला उभा राहून शेजारच्या जकातदारापेक्षा मी कसा बरा याचाच पाढा वाचतोय. जकातदार, ज्याला लोक पापीच समजायचे, तो लांब उभा, मान वर करायची पण हिंमत नाही, छाती बडवत माझ्यावर दया कर एवढंच. नीतिमान ठरून घरी गेला तो हा.

उत्तर
वसईकडचा कॅथलिक आहे, माझे दोन पैसे. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर लोकांचे पाय धुतात, त्या दिवसाचं इंग्रजीतलं मॉन्डी हे नाव लॅटिन मान्दातुम म्हणजे आज्ञा यावरूनच आलंय, आणि विधी बघावा तर सगळा लीनतेचा. २०१६ पासून पोप फ्रान्सिस यांनी त्यात बायकांचेही पाय धुवायला अधिकृत परवानगी दिली. पण येशू शिष्यांचे पाय धुतो त्या मूळ गोष्टीत मला त्याचा शिष्य पेत्र जास्त आवडतो. येशू पाणी घेऊन त्याच्यापर्यंत येतो आणि हा म्हणतो तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. दिसायला केवढा नम्रपणा! पण येशूने तो चालवून घेतला नाही, धुतले नाहीत तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही म्हणाला, मग गडी एकदम हातपाय डोकं सगळंच धुवा म्हणायला लागला. नम्र होता, ऐकत नव्हता.

प्रश्नकर्ता
हे भारी आहे. आणि दीन? "आम्ही दीन पापी" असं पण आहे पत्रिकेत.

उत्तर
"आत्म्याने दीन ते धन्य" मधला दीन ठेवाच, तिथे तो रिकाम्या हाताचा आहे. पण नुसतं दीन म्हटलं की आता लोकांना दीनवाणा चेहराच आठवतो, त्यामुळे दर ओळीला नको. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत केलं, १९२४ ला छापून झालं, त्यांचा हट्टच होता की साध्या बायकांना कळेल असं मराठी पाहिजे. आणि आज्ञापालनाच्या जागी एखाद्या ठिकाणी सरळ "तुझं ऐकायला शिकव" लिहा.

उत्तर
"ऐकायला शिकव" फारच घरगुती वाटतं हो, उपासनेला जरा भारदस्तपणा नको? निदान "वचन ऐकून पाळायला" तरी करा.

प्रश्नकर्ता
ते चालेल, पाळकसाहेबांना दाखवतो. लीन ठेवतोय, दीन एकदाच. "विनयावनत अंतःकरणाने" अशी एक ओळ आहे ती मात्र कोणाला न विचारता उडवतोय, गेली कित्येक वर्षं सगळी मंडळी तिथे एकसाथ अडखळते.