'डिलिव्हरी ऑफिस'ला बटवडा म्हणावं का?

काळंरान: एक फॉर्म मराठीत करायलोय. पिनकोडच्या खाली 'डिलिव्हरी पोस्ट ऑफिस' असा रकाना आहे, मी 'बटवडा कार्यालय' लिहिलं तर पोरं म्हणायलीत बटवडा पगाराचा असतो, पोस्टाचा कुठून आला?

बोरीबाभळी: दोन्हीचा असतो, टपालाचा बटवडा जुनाच शब्द आहे. मला तर वाटतं बटईतूनच आलाय, शेत बटईनं देतो तेच, वाटून देणं.

सरळरेघ: वाटतं म्हणून व्युत्पत्ती होत नाही. सरळ डिलिव्हरी लिहा, सगळ्यांना कळतं.

बोरीबाभळी: आमच्याकडं डिलिव्हरी म्हणलं की आधी दवाखाना आठवतो 😀

पारावरचा: शब्द कोणताही घ्या पण रकाना काढू नका. पिन गावाचा नसतो, बटवडा करणाऱ्या ऑफिसाचा असतो. पहिले तीन आकडे छाटणीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन त्या ऑफिसाचे. त्याच्या हाताखालच्या ब्रँच पोस्टांना अन् त्यांच्या वाड्या-तांड्यांना तोच पिन. म्हणून तर पत्त्यात मु. एक अन् पो. दुसरंच असतं.

सरळरेघ: छाटणी? झाडं आहेत का? सॉर्टिंग म्हणा.

निलंगेकर_पोरगा: आपला मराठवाडा सगळा 431 ना? मग आमच्या आधारवर 413 कामून आलंय, चुकलंय का?

पारावरचा: बरोबर आहे ते. लातूर 413512, धाराशिव 413501, हे सोलापूरच्या 413 मधी. 431 म्हणजे संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड अन् बीडचा बराचसा भाग. बराचसाच, कारण आष्टी 414 मधी आहे, नगरच्या. कलेक्टरचा जिल्हा वेगळा अन् टपालाचा वेगळा, 3 अन् 1 ची आदलाबदल झाली की पाकीट गेलंच समजा.

बोरीबाभळी: 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झालं हे, आपल्याकडं दुष्काळ पडला तेच साल. काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, मराठी माणूस अन् संस्कृतचे कवी, तरी नाव 'पोस्टल इंडेक्स नंबर'. टपाल निर्देशांक म्हणायला काय झालतं?

सरळरेघ: निर्देशांक शेअर बाजाराचा असतो हो. आणि 'पिनकोड नंबर' लिहिणारे आधी सुधारा, नंबर दोनदा होतो.

निलंगेकर_पोरगा: मु. म्हणजे मौजे ना? सातबाऱ्यावर मौजे असतंय.

पारावरचा: नाही ओ, मुक्काम. मौजे महसूलचं.

बोरीबाभळी: मुक्काम तर पाहुण्याचा असतो, घरच्याचा कसा?